दोन्ही हात वर

४ नोव्हेंबर

प्रिय मधले,

फोन बिघडलेला नाही, माझे कान बिघडलेत. परवा तू एवढा वेळ बोललीस, त्यातलं मला फक्त 'हॅलो' कळलं, आणि तेही तू दर वेळी तेच म्हणतेस म्हणून. मी आपला मधूनमधून 'हो, हो' करत होतो. कशाकशाला हो म्हणून बसलोय देव जाणे. तेव्हा यापुढे पत्रच बरं. कागदावर तू कितीही हळू बोललीस तरी मला ऐकू येतं.

तुझी काकू तशीच आहे. उजवा हात लुळाच, पण पायांत जोर येतोय. भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाते. बोलत मात्र नाही. झटका आल्यापासून एक शब्द नाही. डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिलं, की जीभ ठीक, घसा ठीक, समजतंय सगळं. पहिला शब्द अडकलाय, तो सुटला की मागचे येतील. पण तिला बोलावंसं वाटलं पाहिजे. ही थंडी सरेपर्यंत सुटला नाही, तर फार आशा धरू नका, असंही लिहिलं होतं. तो कागद मी तिला दाखवला नाही.

उभ्या जन्मात मी तिला हजारदा म्हटलं असेल, 'जरा गप्प बस गं.' आता ती गप्प आणि मी बहिरा. घर इतकं शांत, की खालचा भट्टीवाला पाव द्यायला आला तेव्हा कागदावर लिहून विचारत होता, 'गावाला गेला होतात की काय?'

तिची खाट आता आतल्या खोलीत, वाळवणीच्या भिंतीला लागून टाकली आहे. आठवते ना? भट्टीचं धुराडं जिच्या पोटातून वर जातं ती. तुझे भिजलेले मोजे तिथे चिकटवायचीस. भिंत अजून तशीच गरम असते. ही दिवसभर पाठ टेकून बसते आणि समोर बघते.

तिने बोलावं म्हणून मी काय नाही केलं! मुद्दाम भाजी करपवली. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला. एरवी एवढ्या भांडवलावर तिने माझी अख्खी सकाळ खाल्ली असती. आता नुसती बघते.

मला एक शब्द हवाय, मधले. कुठलाही चालेल. मला तो ऐकू येणार नाही हे माहीत आहे. तरी हवाय.

कधी येतेस?

तुझा
काका


१५ नोव्हेंबर

काका, नमस्कार. (ओरडून केलाय.)

तुम्ही फोनवर ज्याला 'हो, हो' म्हणालात तो प्रश्न असा होता: 'मी पुन्हा भेटायला आले नाही म्हणून रागावलात का?' उत्तर मी मनावर घेतलेलं नाही, पण विसरलेही नाही.

'मधले' वाचलं आणि क्षणभर मला कळेचना की पत्र कोणाला आहे. इथे मी कामावर मॅडम आहे, घरी आई आहे, बँकेत टोकन नंबर आहे. मधली म्हणणारी आता तुम्ही दोघंच उरलात. मुलीने विचारलं, 'मधली म्हणजे काय? तुला तर सख्खं भावंडच नाही.' मग तिला सगळं सांगावं लागलं. दर सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे. तुम्ही लोकांच्या गच्चीवर अँटेना बसवायचात, काकू त्यांच्या घरात टीव्हीसमोर उभी राहून खिडकीतून ओरडायची, आणि वर वाऱ्यात तुम्हाला काही ऐकू यायचं नाही म्हणून मी दोघांच्या मधे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. तिचं ऐकायचं आणि तुम्हाला हातांनी सांगायचं. एक हात वर म्हणजे अजून थोडं फिरवा. हातांची फुली म्हणजे गेलं. बोटं वळवळली म्हणजे पडद्यावर मुंग्या. आणि दोन्ही हात वर म्हणजे आलं! मुलगी म्हणाली, 'एवढ्यासाठी तीन माणसं?' मी म्हटलं, 'हो, आणि एका चित्रासाठी सगळी चाळ जमायची.'

काका, मी काय काम करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही सगळ्यांना सांगता की 'ती सोलरमध्ये आहे', जसं कोणी परदेशात असावं. खरं सांगू? मी अँटेनाच बनवते.

हसू नका. आमच्याकडे प्लॅस्टिकचा एक कागद असतो, वहीच्या कव्हरापेक्षाही पातळ. त्यावर सोन्याच्या बारीक बारीक गुंडाळ्या छापलेल्या असतात. इतक्या बारीक, की नुसत्या डोळ्यांना फक्त सोनेरी झाक दिसते. त्यातली एकेक गुंडाळी म्हणजे एकेक अँटेना. तुम्हीच शिकवलंत, जशी लाट तसा दांडा. लाट लांब तर दांडा लांब. उन्हाची लाट, गरम वस्तूतून निघणाऱ्या उबेची लाट फार म्हणजे फारच आखूड, म्हणून दांडेही तेवढेच चिमुकले. साध्या सोलर पॅनेलला ऊन लागतं. आमच्या कागदाला ऊन गेल्यावरही काम असतं. तापलेली फरशी, इंजिन, भिंत, जे जे ऊब टाकतं त्यातून तो थोडी वीज काढू शकतो. शकतो म्हणजे, शकायला हवा. पकडतो छान. पण पकडलेली लाट इतकी भराभर उलटसुलट हलते, की तिला एका दिशेने पुढे सोडणारं दार तेवढ्या वेगाने उघडझाप करू शकत नाही. म्हणजे अँटेना झकास, आणि खाली टीव्ही जुनापुराणा. वीज येते ती जेमतेम मीटरचा काटा हलण्यापुरती.

जानेवारीपर्यंत सुट्टी नाही मिळणार. काकूला सांगा, मधलीने विचारलंय.

तुमची
मधली


२८ नोव्हेंबर

प्रिय मधले,

तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. मला माझा आवाज कळत नाही, त्यामुळे खालच्या भट्टीवाल्यालाही ते पाठ झालंय. त्याने विचारलंय की त्याच्या भट्टीच्या उबेवर कागद लावला तर तुझा काही हिस्सा असणार का.

अँटेना! मी दोन दिवस नुसता हसतोय. सगळ्या गावातले माझे दांडे उतरवून लोकांनी डिश लावल्या, मग डिशही उतरवल्या, आणि मला वाटलं आपला धंदा आपल्यासोबतच संपला. आणि तू तिकडे लाखांनी अँटेना छापतेस, तेही सोन्याच्या. दांड्यावर बसायला कावळेही तेवढेच चिमुकले लागतील.

आपल्या गच्चीवरची शेवटची मी काढलेली नाही. तिला काही जोडलेलं नाही, पण उभी आहे. या चाळीतला पहिला टीव्ही आपल्याच घरी आला होता, त्या दिवशीची तुझी काकू मला अजून डोळ्यांपुढे दिसते. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली होती. मी वरून ओरडतोय, 'आत हो, पडशील!' आणि ती काही ओरडतेय. वाऱ्यात मला एकच शब्द ऐकू आला, 'आलं!' पुढे किती छपरं झाली, पण वर मला पोचलेला तिचा शब्द तो एकच. आधी आवाजाने पोचायचा, नंतर तुझ्या हातांनी.

परवा तिच्यासमोर बसून तुझ्यासारखे दोन्ही हात वर करून दाखवले. मला वाटलं, तो शब्द तरी सुटेल. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी पुन्हा तो प्रयोग केला नाही.

तू जानेवारी म्हणतेस. गेल्या वेळी दिवाणखान्यात डबा ठेवून गेलीस, तो घासून ठेवलाय, एवढंच सांगतो. मी रागावलेलो नाही. 'हो, हो' हे चुकून म्हटलं होतं.

तुझा तो कागद एक पाठव. आपल्याकडे भिंत आहे, रिकामा माणूस आहे. काटा हलताना तिला दाखवीन. काम सुरू आहे असं दिसलं तर कदाचित तिची जीभ कामावर येईल.

काका


१२ डिसेंबर

ती. काका,

कागद पाठवते आहे. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, 'प्रयोगशाळेत सगळंच चालतं, घरांत चालतंय का बघू.' त्यामुळे हे चोरून नाही, रीतसर आहे. सोबत छोटं मीटर आहे, तारा जोडलेल्याच आहेत. एवढंच करायचं: कागद चौकटीत आहे, ती चौकट वाळवणीच्या भिंतीसमोर दोऱ्याने टांगायची, बोटभर अंतर ठेवून. सोनेरी बाजू भिंतीकडे. भिंतीला चिकटवायची नाही, कागद स्वतःच तापला तर काही मिळत नाही. भिंत गरम आणि कागद गार, या फरकातच सगळं आहे. भिंत सगळ्यात जास्त तापते ती वर, छताजवळ धुराडं वळतं तिथे. पण तुम्ही वर चढायचं नाही. भट्टीवाल्याला सांगा.

मी इथून उंटावरून शेळ्या हाकते आहे, हे मला कळतं. काका, एक लिहू का? गेल्या वेळी मी दार उघडून आत आले तेव्हा काकूने माझ्याकडे पाहिलं, आणि मी वाट बघत राहिले की ती आता म्हणेल, 'वाळलीस गं.' लहानपणापासून दर सुट्टीत ती पहिलं तेच म्हणायची, मी कितीही जाड होऊन आले तरी. त्या दिवशी ती काहीच म्हणाली नाही, आणि मला आत पुढे पाऊलच टाकता येईना. मी डबा ठेवला, गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडीला वेळ होता.

तुमची
मधली


२ जानेवारी

मधले,

तुझा कागद मी बिघडवला. आधीच सांगून टाकतो.

हातात अँटेना आली की माझे पाय जिन्याकडेच वळतात, त्याला मी काय करू? मला वाटलं, भिंतीसमोर काय लावायची, आधी वर नेऊन बघू. काल दिवस कलताना गच्चीवर गेलो. फरशी दिवसभराच्या उन्हाने चांगली तापली होती. चौकट फरशीवर टेकवली, सोनेरी बाजू वर आभाळाकडे. आधी जुन्या टॉवरच्या दिशेने जरा तिरपी केली, खोटं कशाला बोलू. काटा हलला, पण उलटा! शून्याच्या मागे गेला. मी फिरवली, वाकवली, ओरडलो, तुझ्या नावाने, सवयीने. काटा मागेच. सोन्याचं काम आणि माझा आडदांड हात. पैसे भरावे लागले तर कळव.

त्यात आणखी एक. खाली आलो तर ही खाटेवर नाही! बघतो तर पुढच्या खोलीत, खिडकीशी. एवढं अंतर एकटी चालत गेली, लुळा हात सांभाळत, आणि खिडकीच्या कठड्याला डाव्या हाताने धरून उभी. तोंड वर. घामाने भिजलेली. पडली असती तर? मी केवढा ओरडलो तिच्यावर. हवा हवी होती तर मला हाक... म्हणजे, मला खूण करायची. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू वेडा मीच. मग हात धरून तिला परत आणलं.

थंडी अर्धी सरली. दोघांचेही काटे मागेच चाललेत.

काका


९ जानेवारी

काका,

कागद अजिबात बिघडलेला नाही. काटा मागे जायलाच हवा होता. खालून तापलेल्या फरशीने कागद गरम झाला आणि वर उघडं, थंड आभाळ. मी लिहिलं होतं ना, फरकातच सगळं आहे. भिंतीसमोर कागद गार असतो, तो भिंतीकडून घेतो. गच्चीवर तो स्वतः गरम होता आणि आभाळाला देत होता. घ्यायची असो वा द्यायची, वाट एकच, म्हणून काटा उलटा. मोठ्या बाई तुमचं पत्र वाचून खूप हसल्या, मग म्हणाल्या, 'टॉवरच्या दिशेने? विचारा त्यांना, कुठला कार्यक्रम लागला?'

पण मी हे त्यासाठी लिहीत नाही आहे. तुमच्या पत्रातला तो खिडकीचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

काका, ती हवा खायला गेली नव्हती. तुम्ही गच्चीवर होतात. तुमची पावलं तिला डोक्यावर ऐकू येत होती, तुम्ही ओरडत होतात. तुम्ही वर गेल्यावर तिची जागा कुठली? ती कामावर गेली होती. तोंड वर, म्हणजे तुमच्याकडे. आणि मधे मी नव्हते.

मी शनिवारी येते. या वेळी डबा आणत नाही, राहते आहे.

मधली


२२ जानेवारी

प्रिय मधले,

तू गेलीस आणि घर पुन्हा मोठं झालं. तुझी उशी हिने अजून उचलू दिलेली नाही.

तुझ्यावर माझी एक तक्रार आहे. तो दिवस मला पुन्हा नीट सांग. मी स्टुलावर चढलो होतो. तू 'भट्टीवाला येऊ दे' असं कागदावर लिहून माझ्या नाकासमोर नाचवत होतीस आणि मी दुसरीकडे बघत होतो, एवढं कबूल. ही खाटेवर बसलेली. तू आतल्या दारात उभी, मीटर हातात घेऊन. मी चौकट छताजवळ धुराड्याच्या वळणासमोर धरली, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. मग मागे वळून पाहिलं तर तुझे दोन्ही हात वर! मी खूश. काटा पुढे गेला म्हणून. मी तसाच चौकट धरून वर उभा. मग बघतो तर तुझं मीटर जमिनीवर पडलेलं आणि तू रडतेयस, आणि ही माझ्याकडे बघून ओठ हलवतेय. मी उतरेपर्यंत तू मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'बोलली!' आणि मग तुम्ही दोघी अशा गळ्यात पडलात की मला कोणी विचारलंच नाही.

पुढचे दिवस तुम्ही दोघी कुजबुजत होतात. भट्टीवाला सांगतो, काल तिने त्याला 'पाव करपलेत' म्हटलं. साफ, स्वच्छ. तो करपलेले पाव घेऊन सगळ्या गल्लीला दाखवत फिरला. डॉक्टरीणबाईंनीही लिहून दिलं, 'शब्द आता थांबणार नाहीत.' तो कागद मी तिला दाखवला.

पण पहिला शब्द काय होता ते मला कोणी सांगत नाही! तिला विचारलं तर हसते आणि डावा हात झटकते. तो 'आलं' होता ना? माझी खात्री आहे. तू दोन्ही हात वर केलेस म्हणजे तोच. एवढ्या छपरांवर ऐकलेला शब्द, तोच आधी सुटणार. फक्त तुझ्या अक्षरात हवाय.

काका


३० जानेवारी

ती. काका,

काटा खरंच पुढे गेला होता. मीटर उचलल्यावर पाहिलं मी. फार नाही, त्यावर मुंगीच्या घरातला दिवाही लागला नसता. पण आमच्या बाईंनी त्या भिंतीची नोंद घेतली आहे. कागद भट्टीवाल्याच्या हातून टांगलेला आहे, तो तसाच राहू द्या.

आता तुमचा शब्द.

ती 'आलं' नाही म्हणाली, काका.

तुम्ही स्टुलावर चढलात तेव्हा ती तुमच्या पायांकडे बघत होती. कागदाकडे नाही, माझ्या मीटरकडे तर मुळीच नाही. तुम्ही चौकट घेऊन टाचा उंचावल्यात, स्टूल जरासं हललं, आणि ती म्हणाली, 'उतरा.'

खरखरीत, अर्धा. पण 'उतरा'च. मग पुन्हा एकदा, जोरात. मी काय करणार? तुमची पाठ होती, आणि तुम्ही वळलात तेव्हा मला एकच खूण येत होती. दोन्ही हात वर.

मग त्या दिवसांत आम्ही कुजबुजत होतो तेव्हा मी तिला विचारलं. आणि विचारता विचारता मलाच आठवलं. ती कधीच नुसतं 'आलं' म्हणायची नाही, काका. खिडकीतून ओरडायची ती, 'आलं! उतरा आता!' दर वेळी. प्रत्येक छपराला. पाऊस भुरभुरत असेल तेव्हा तर 'उतरा'च आधी. त्या पहिल्या टीव्हीच्या दिवशीही, ती म्हणते, अर्धी बाहेर वाकली होती ती तेवढ्याचसाठी. वाऱ्यात तुम्हाला पुढचा शब्द पोचला नाही. आणि नंतर मी आले, तर आपल्याकडे चित्राच्याच सगळ्या खुणा. थोडं, गेलं, मुंग्या, आलं. 'उतरा'ला खूणच नव्हती. तिचं अर्धं वाक्य आयुष्यभर माझ्यापाशी, जिन्यात राहिलं. आणि तुम्ही 'आलं' ऐकून वर आणखी रेंगाळायचात, दांडा अजून नीट करत, आणि ती खाली खिडकीत उभी.

तुम्ही गच्चीवर गेलात त्या दिवशी ती तेच सांगायला गेली होती. आणि तुम्ही तिच्यापुढे दोन्ही हात वर केलेत तेव्हा तिने डोळे मिटले, कारण ते हात वर म्हणजे तिच्यासाठी नेहमीच, तुम्ही अजून उतरला नाहीत.

निघायच्या सकाळी आम्ही दोघींनी मिळून एक खूण ठरवली. डाव्या हाताची आहे, तिला जमते. तळहात जमिनीकडे आणि हात सावकाश खाली, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसा. तुम्ही तिला पहिला शब्द विचारता तेव्हा ती हात झटकते असं लिहिलंत ना? ती झटकत नाही. ती तुम्हाला उत्तर देते आहे.

स्टूल भट्टीवाल्याला देऊन टाका. पुढच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन येते. दारात पाय ठेवला की काकू तिला म्हणणार आहे, 'वाळलीस गं.' आत्तापासून सराव करतेय म्हणाली.

तुमची
मधली